करपलेलं जिरं

गल्लीत पाठीमागे तिला सगळे बर्नर म्हणायचे. तोंडावर मावशी. तिला दोन्ही माहीत होतं. "बर्नर तर बर्नर," ती म्हणायची, "निदान पेटते तरी. तुमच्यासारखी नुसती धुमसत नाही."

ती गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं. एक शटर, एक टेबल, भिंतीला टांगलेल्या नळ्या, डब्यांत नॉब आणि वायसर. गिऱ्हाइकासाठी बाहेर एक स्टूल होतं. त्यावर कुणी टेकलेलं मी पाहिलं नाही. तिच्यासमोर बसायची कुणाची छाती नव्हती. जळका बर्नर घेऊन कुणी आलं की आधी बोलणी खायला लागायची. "दूध उतू जातं तेव्हा तुम्ही असता कुठे? गॅसवर दूध ठेवून लग्नाला जाता का?" माणूस मान खाली घालून उभा राहायचा. संध्याकाळी शेगडी निळ्या, सरळ ज्योतीने पेटायची. मग तोच माणूस दुसऱ्याला सांगायचा, बोलते फार, पण काम बघा.

मी तिच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. साहित्यात एम.ए. करून नोकरी शोधत होते. पहिल्याच दिवशी ती माझी शेगडी बघायला आली, पुस्तकांचे गठ्ठे पाहिले आणि नाव न विचारता मला कादंबरी म्हणायला लागली. वयाने ती माझ्या आईएवढी. तरी आमची मैत्री झाली. आईला मी इतकी घाबरत नाही, एवढाच फरक.

तिची सगळी पत तिच्या नाकावर होती. नळी बसवून झाली की बाकीचे मिस्त्री जोडावर साबणाचा फेस लावतात. गळत असेल तर बुडबुडे येतात. ती फेस लावायची नाही. ती वाकायची, डोळे मिटायची, एकदाच श्वास घ्यायची. मग म्हणायची, "बंद." किंवा, "गळतंय." ती चुकल्याचं कुणी सांगत नसे. साबणवाल्या मिस्त्र्यांना ती हसायची. "साबण आंघोळीला असतो रे. नाक काय चष्मा टेकवायला दिलंय?" लांबलांबून लोक तिला बोलवायचे ते या नाकासाठी.

घरात स्वयंपाक काकांचा. काका म्हणजे तिचा नवरा. बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त. "आयुष्यभर ओरडून झालंय," ते म्हणायचे, "उरलेला आवाज जपून वापरतो." डाळ त्यांची, भाजी त्यांची. रविवारचा जिऱ्याचा भात मात्र तिचा. त्याला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

भातही ती नाकानेच करायची. तांदूळ धुऊन, थोडा वेळ भिजवून, रोळीत निथळत ठेवायची. पातेल्यात तूप घालायची. तमालपत्र, दालचिनीचा तुकडा, लवंगा, आणि मग सढळ हाताने जिरं. गॅस बारीक करायची. आणि चक्क बाहेर निघून जायची. दारात उभी राहून शेजारणीशी बोलायची. म्हणजे भांडायचीच. भांडता भांडता एकदम वाक्य अर्ध्यावर सोडून आत पळायची. जिऱ्याचा वास दारापर्यंत पोचलेला असायचा. तांदूळ नेमक्या त्या क्षणी तुपात पडायचे. "जिरं हाक मारतं मला," ती म्हणायची. शेजारीण बाहेर तशीच उभी असायची. राहिलेलं वाक्य पूर्ण करायला ती परत जायची.

मग तिला ताप आला. आठवडाभर ती झोपून होती. उठली ती आणखी चिडकी होऊन उठली. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल.

त्या रविवारी मी बहिणीकडून परत आले आणि पिशवी घेऊन तशीच त्यांच्याकडे जेवायला गेले. ती दारात शेजारणीशी भांडत होती. शेजारणीच्या ओल्या चादरीचं पाणी हिच्या वाळवणावर ठिबकत होतं. आत काका लिंबू कापत होते. पातेल्यातून जिऱ्याचा वास आला. खमंग. मला वाटलं, आता येईल ती. ती आली नाही. वास खरपूस झाला. बाहेर तिचं चालूच होतं, "पिळायला हात झिजतात का तुझे?" मग वास कडवट झाला. धूर दिसायला लागला. मी काकांकडे पाहिलं. त्यांची सुरी लिंबात थांबली होती. पण ते उठले नाहीत.

"मावशी!" मी ओरडले. "जिरं!"

ती आली. पातेल्यात पाहिलं. जिरं काळं ठिक्कर पडलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, फार पटकन.

"खरपूसच करायचं होतं आज," ती म्हणाली. "ओरडतेस कशाला? आग लागली का?"

तिने त्या काळ्या जिऱ्यावर तांदूळ ओतले.

भात कडू झाला होता. तुपाचा, मिठाचा, कशाचाच उपयोग नव्हता. काका प्रत्येक घास नीट चावून खात होते. "छान झालाय," ते म्हणाले. मी तोंड उघडलं. टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या पायावर पडला. मी तोंड मिटलं.

जेवण झाल्यावर ती भांडी घासायला बसली. काका माझ्या मागून जिन्यात आले.

"तापात गेलं तिचं नाक," ते म्हणाले. "मला कळलंय हे तिला माहीत नाही."

"काका, ती लोकांच्या घरी नळ्या बसवते."

"हो."

"साबण तरी लावते का?"

"साबण काढला की गल्लीला कळलंच ना. वाकते. डोळे मिटते. बंद म्हणते. पहिल्यासारखंच."

मला राग आला. "आणि तुम्ही बघत बसलात? छान झालाय म्हणत?"

"दुसरं काय आहे गं तिच्याकडे?" काका म्हणाले. "थोडे दिवस गेले की येईल नाक परत. डॉक्टर म्हणतात, कुणाकुणाचं येतं."

"आणि नाही आलं तर?"

ते खाली गेले. मी वर माझ्या खोलीशी आले, कुलूप काढलं, दार ढकललं.

आत गॅसचा वास कोंडला होता.

मी बहिणीकडे निघाले तेव्हाच तिने माझी नळी बदलली होती. वाकून, डोळे मिटून, बंद म्हणून गेली होती. मी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. पदर नाकावर धरून आत गेले, सिलेंडर बंद केला, खिडकी उघडली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. मी रोज घरात शिरताना आधी दिवा लावते. आज दुपार होती म्हणून लावला नव्हता.

मग मी खाली गेले.

"मावशी, तुला वास येत नाही."

ती पातेलं घासत होती. मान वर केली नाही. "कोण म्हणतं?"

"माझी खोली म्हणते. नळी गळतेय. तू बसवलेली."

काका खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हिच्या खोलीत?" एवढंच ते म्हणाले.

"नळीच खराब असेल," ती म्हणाली. "हल्ली माल कसला येतो बघितलास? नुसता कागद. आणि तुला काय गं कळतं गॅसमधलं? चहा उकळून देता येत नाही तुला."

"जिरं जळलं तेही तुला कळलं नाही."

पातेलं तिच्या हातातून मोरीत आपटलं. ती उभी राहिली. ओले हात साडीला पुसले.

"बस," ती म्हणाली. "बस तिथे. दोघं बसा. जिरं जळलं म्हणे. आत्ता करून दाखवते. तुझ्या डोळ्यांदेखत करते."

तिने पुन्हा तांदूळ मोजून घेतले. धुतले. पाणी नितळ येईपर्यंत धुतले. भिजत घातले आणि तितका वेळ ओट्याला टेकून आमच्याकडे रागाने बघत उभी राहिली. मग तिने तांदूळ निथळले, पातेलं ठेवलं, तूप घातलं. या वेळी ती बाहेर गेली नाही. पातेल्यावर वाकली. डोळे उघडे होते. तुपाच्या कडेला बारीक बुडबुडे आले तशी तिने तमालपत्र टाकलं, दालचिनी, लवंगा. लवंग फुगलेली पाहिली. मग जिरं घातलं आणि कान पुढे केला. जिरं तडतडलं. ती ऐकत राहिली. तडतड जोरात झाली, मग विरळ होत गेली. तिने पळीने एक दाणा काठावर ओढला, रंग पाहिला, आणि तांदूळ घातले.

तांदूळ तिने हलक्या हाताने परतले, दाणा मोडू न देता. सगळीकडून तूप लागून ते चकाकायला लागले. मग तिने दुप्पट गरम पाणी घातलं, मीठ घातलं, शुभ्र राहावा म्हणून लिंबाचे दोन थेंब पिळले. मोठ्या आचेवर एक उकळी आणली. पाणी तांदळाच्या अंगाशी आलं तशी आच मंद केली, झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकणाला कान लावला. आतलं खदखदणं थांबलं होतं. तिने गॅस बंद केला, पातेलं उतरवून बाजूला ठेवलं.

"झाकण उघडायचं नाही," ती म्हणाली. "मुरू दे."

मला येत होता तो वास सुंदर होता. तिला तो येत नव्हता, हे मला तेव्हा पुरतं समजलं. तिने तो भात वासाशिवाय केला होता, आणि उत्तम केला होता.

"बघितलंस?" तिचा आवाज चढला. "कान आहेत मला. डोळे आहेत. हात आहेत. एक नाक गेलं तर त्याचं काय लोणचं घालू? आयुष्यभर हेच केलंय मी. डोळे बांधून शेगडी उघडेन, जोडेन. आणि तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे जिन्यात कुजबुजता. ऐकू येतं मला. कान शाबूत आहेत म्हटलं ना."

काका उठले. "पाणी घेतो," म्हणाले आणि ओट्यापाशी गेले. माठातून पेला भरला. आमच्याकडे पाठ करून ते शेगडीला टेकून उभे राहिले. हळूहळू पाणी प्यायले.

ती बोलतच होती. "लोक काय म्हणतील, बर्नर विझला. त्या पलीकडच्या दाढीवाल्या मिस्त्र्याला तर लॉटरीच. साबणाची बाटली घेऊन माझ्या गिऱ्हाइकांकडे हिंडेल तो. मी काय करायचं मग? दिवसभर घरात बसून यांची डाळ ढवळू?"

तेव्हा मला वास आला. जिऱ्याचा नव्हे.

मी काकांकडे पाहिलं. ते वळले होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. बोलू नकोस. ओट्यावरची खिडकी त्यांनी उघडून ठेवली होती. वास तरीही माझ्यापर्यंत येत होता. मी दगडासारखी बसले.

"जाऊ दे," ती म्हणाली. "भात मुरेपर्यंत चहा टाकते. तुम्हा लोकांवर ओरडून घसा सुकला."

ती शेगडीपाशी आली. लायटर उचलला.

काकांनी तिचं मनगट पकडलं. घट्ट. त्यांना इतक्या जोराने काही धरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"वास येतोय का?" ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग तिची नजर शेगडीवर गेली. दुसऱ्या बर्नरचा नॉब फिरवलेला होता.

तिने मनगट सोडवून घेतलं. लायटर खिडकीबाहेर फेकला. नॉब बंद केला, खाली वाकून सिलेंडर बंद केला, मागचं दार उघडलं. हे सगळं तिने भराभर, बिनचूक केलं. मग ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"तू उघडलास."

जन्मभर ती त्यांना अहो म्हणत आली होती.

"हो," काका म्हणाले.

"माझ्या घरात. माझ्या शेगडीवर."

"त्या पोरीच्या खोलीत गळत होता. तिने दिवा लावला असता तर?"

"मला सांगता आलं नाही तुला? तोंड नव्हतं? मला असं उभं करून, नागवं करून..." ती माझ्याकडे वळली. "तुला येत होता वास?"

"हो."

"आणि तू गप्प."

ती माझ्या अगदी जवळ आली.

"छान. साहित्य शिकलीस ना. बघत बसायला शिकवत असतील."

ती मोरीत गेली. आंघोळीच्या साबणाची वडी घेऊन आली. सुरीने तिचे पापुद्रे काढून बाटलीत घातले, पाणी ओतलं, बाटली जोरजोरात हलवली. फेस वर आला. तो बघून तिच्या तोंडून एक शिवी गेली. कुणाला होती, माहीत नाही. मग ती वर गेली आणि माझ्या खोलीचा जोड फेस लावून, घट्ट आवळून, पुन्हा फेस लावून आली. त्यानंतर तिने फोन उचलला. तापातून उठल्यावर जिथे जिथे काम केलं होतं तिथे तिथे फोन लावला. डोक्यात सगळं होतं तिच्या. "सिलेंडर बंद करा. आत्ता. उभं राहून बंद करा, मी फोन धरते. खिडक्या उघडा. येतेय मी. का म्हणजे? येतेय म्हटलं ना!"

"मी येतो बरोबर," काका म्हणाले. "वास घ्यायला."

"उसनं नाक नको मला."

हत्यारांची पिशवी मी उचलली. तिने नको म्हटलं नाही.

पहिल्या घरी सगळं ठीक होतं. दुसऱ्या घरीही. ती फेस लावायची, बघायची, पुढे निघायची. लोक साबणाकडे बघत, मग तिच्याकडे. कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मला वाटायला लागलं, सुटली ही. ते बघून मला बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याचाच राग येत होता.

शेवटचं घर टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या एका गृहस्थांचं होतं. पुढच्या खोलीत यंत्रं, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत त्यांची अंथरुणाला खिळलेली आई. स्वयंपाकघराचं दार आणि तिचा पलंग यांत हातभर अंतर. मावशीने जोडाला फेस लावला, सिलेंडर उघडला. फेसातून एक बुडबुडा फुगला. फुटला. दुसरा फुगला.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसून राहिली. मग सिलेंडर बंद केला, जोड उघडला, वायसर बदलला, आवळला, पुन्हा फेस लावला. काही आलं नाही. ती उठली.

"गळत होतं," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "माझंच काम होतं. तापापासून मला वास येत नाही. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

ते बोलत सुटले. आई पलीकडे झोपते हे दिसलं नाही का. माणसं मारायचा धंदा काढलाय का. पोलिसात देतो. गल्लीत तोंड दाखवू देणार नाही. ते ओरडत होते तसतशी पलंगावरची म्हातारी कण्हत होती. मावशी पिशवीचा बंद धरून उभी होती. मी तिचा राग ओळखते. मला वाटलं, आता भडकेल. ती ऐकत राहिली. सगळं ऐकून घेतलं.

"बाईमाणसाला हे काम दिलं हीच चूक," ते म्हणाले.

तेव्हा ती भडकली.

"बाईमाणसाचं नाव काढायचं नाही. चूक माझी आहे, बायकांची नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या. पण नेमक्या द्या."

"मी सगळ्यांना सांगणार आहे!"

"सांगा. मीही सांगणार आहे. बघू कोण आधी पोचतं."

रस्त्यावर आल्यावर ती कठड्याला टेकून उभी राहिली. मी काही बोलायचा प्रयत्न केला. "समजूत घालू नकोस," ती म्हणाली. "घातलीस तर इथेच तुझ्याशी भांडेन."

आधी तीच पोचली. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः सांगितलं. निम्म्याहून जास्त तुटले. दाढीवाल्याकडे गेले. तो वाटेत भेटला की आदराने मान लववतो. ते तिला सर्वांत जास्त झोंबतं. काकांशी ती कामापुरतं बोलते. अहो परत आलेलं नाही. एकदा माझ्यासमोर ते म्हणाले, "पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन." ती नॉब घासत होती. "माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या जागी मीही केलं असतं. म्हणून तर माफ करता येत नाही."

परवा एका नव्या घरी मी तिच्याबरोबर होते. दार एका तरुण बाईने उघडलं. कडेवर मूल होतं.

मावशी उंबऱ्याबाहेरच थांबली. "आधी ऐका," ती म्हणाली. आवाज असा, की जणू त्या बाईनेच काही गुन्हा केलाय. "मला वास येत नाही. दोन ठिकाणी गळती ठेवून आले होते. आता साबणाने दोनदा तपासते, तुम्हाला दाखवून तपासते. चालत असेल तर आत येते. नसेल तर तसं सांगा, लाजू नका, मी जाते."

ती बाई गोंधळली. माझ्याकडे पाहिलं. मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दाखवून म्हणजे, मला समजेल का?"

"डोळे आहेत ना?" मावशी खेकसली. "मग समजेल."

ती बाई दारातून बाजूला झाली.